बद्द

सोमवार, सकाळचे साडेसात. भोसरी, जे ब्लॉक,
कॅन्टीनमागची खोली. फळ्यावर मागच्या बॅचचं
अर्धवट पुसलेलं प्रथमोपचार.
आम्ही अकरा. दहा मुलगे, आणि मी औशाची,
सेफ्टी शूज एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेला.

निजामपूरकर मास्तरांनी आधी नमस्कारही केला नाही.
पिशवीतून मडकं काढलं, टेबलावर ठेवलं,
बोटाच्या पेराने वाजवलं.
“शंभराचं मडकं वाजवून घेता.
आणि मिनिटाला तीन हजार फेरे घेणारा दगड
स्टोअरवाल्याने दिला म्हणून लावता?”

मग चाक. राखाडी, जाड, मधोमध भोक.
भोकात बोट घालून लटकवायचं,
स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकायचं,
लोखंडाने नाही, ओलं असताना नाही.
उभ्या रेषेच्या जरा इकडे, जरा तिकडे,
चाक फिरवून पुन्हा.
खणखणीत वाजलं तर लावायचं.
बद्द वाजलं तर...
“तर काय रे गायसमुद्रे?”
“तर भंगार, सर.”
“भंगारातसुद्धा फोडून टाकायचं.
नाहीतर रात्रपाळीचा कुणीतरी उचलून आणतो.”

टूल रेस्टची फट तीन मिलिमीटर,
म्हणजे चार एटीएम कार्डं एकावर एक.
पाचवं गेलं तर रेस्ट सरकवा.
कटिंग व्हीलला तारीख असते, मधल्या पत्र्याच्या कड्यावर,
दुधाच्या पिशवीला असते तशी.
“नासलेलं दूध फार तर पोट बिघडवतं,” एवढंच बोलले.
गंडे, अंगठ्या, अझरचं चांदीचं कडं, सगळं खोक्यात.
माझी वेणी टोपीत.
चाक सुरू केल्यावर एक मिनिट बाजूला उभं राहायचं. समोर नाही.
एक मिनिट किती लांब असतं
ते आम्हाला तेव्हा कळलं.
चाळिसाव्या सेकंदाला अझर पुढे सरकला,
मास्तरांनी कॉलर धरून मागे ओढला,
उरलेले वीस सेकंद कॉलर सोडली नाही.

प्रत्येक चाकाला ते ठोकायचे आणि आम्हाला विचारायचे,
“काय वाजलं?”
आम्हाला वाटलं, शिकवायची पद्धत आहे.

चहाच्या सुट्टीत सांगितलं,
जन्म तांबट आळीतला. बाप हंडे घडवायचा.
पाळण्यातलं पोर ठोक्यांत झोपायचं,
ठोके थांबले की उठून रडायचं.
पुढे चौतीस वर्षं ग्राइंडिंग शॉप.
तेव्हा कानात काही घालायची चाल नव्हती,
घातलं तर बाकीचे हसायचे.

बुधवारी सात चाकं आली नवी, भुश्शात बांधलेली.
एक, दोन, तीन, चार.
पाचवं ठोकलं तेव्हा खाली पुठ्ठे उतरत होते,
सगळे खिडकीकडे बघत होते, कुणीच बोललं नाही.
मास्तरांनी मान डोलावली आणि चाक
चांगल्यांच्या ढिगात ठेवलं.

मला ऐकू आलं होतं.
ओल्या भिंतीवर थाप मारल्यासारखं.

“सर, बद्द.”

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं.
चाक पुन्हा लटकवलं, मान वाकडी केली,
बंद दाराला कान लावतात तशी. ठोकलं.
आम्ही अकरा जण श्वास धरून.
त्यांच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही,
ना खणखणीत, ना बद्द.
“नक्की?”
“नक्की, सर.”

मागच्या अंगणात हातोड्याने फोडलं.
आत जुनी चीर होती, केसासारखी,
गाडीतून उतरवताना कुणाच्या तरी हातून पडलं असणार.
वरून नवं कोरं.

मास्तर काही म्हणाले नाहीत. रजिस्टर उघडलं,
‘तपासणारा’ या रकान्याशेजारी
पट्टी न घेताच एक वाकडी रेघ मारली,
वर लिहिलं, ‘ऐकणारा’.
खाली माझं नाव. वेलांटी चुकली होती,
मी दुरुस्त केली नाही.

मग कपाटातून इअरप्लगचं खोकं काढून
प्रत्येकाच्या हातावर एकेक जोडी ठेवत गेले,
प्रसाद वाटताना जसे कुणाला चुकत नाहीत तसे.
गायसमुद्रे हसायला लागला आणि थांबला.

आता मी शॉपवर आहे. प्लग दिवसभर कानात असतात,
नवं चाक वाजवताना तेवढे काढते.